सातबारा मोबाईलवर आला, मग फरक कुणाला पडला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सगळ्यांना मिळू लागली की माणसाच्या आणि समाजाच्या जगण्यात नेमका काय फरक पडतो? पुस्तकी उत्तरं खूप वाचली. माझे वडील म्हणतात, सातबारा मोबाईलवर दिसतो, पण तहसीलच्या फेऱ्या तेवढ्याच आहेत. आजोबांची वारस नोंद अजून लटकलेली आहे. मग फरक पडला तो कुणाला?"

तुमचे वडील म्हणतात ते खोटं नाही. पण फरक पडलाय आणि चांगला मोठा पडलाय, फक्त तो सगळ्यांना सारखा पडलेला नाही. मी बीड जिल्ह्यात महसुली प्रकरणं चालवते. तहसील, प्रांत कार्यालय आणि दिवाणी न्यायालय यांच्यातच माझी वकिली गेली. त्यामुळे बातम्या, समाजमाध्यमं, ऑनलाइन शिक्षण यांच्यावर बोलण्यापेक्षा मी जमिनीच्या कागदावरच बोलते. माहिती उघडी झाली की माणसाची पत, नाती आणि गावातली जागा कशी हलते, ते इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आधी कशी पद्धत होती ते सांगते, कारण तुमच्या वयाच्या लोकांनी ती पाहिलेली नसते. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) तीन-चार गावांचा सजा असायचा आणि सगळं दप्तर रुमालात बांधलेलं. उतारा हवा तर आधी तलाठी गाठायचा, मग त्याला वेळ हवा, मग ज्या गावाचं दप्तर हवं ते त्याच्याजवळ हवं. पण उताऱ्यासाठी होणारा त्रास ही त्यातली लहान गोष्ट होती. मोठी गोष्ट म्हणजे गाव नमुना सहाला, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहिण्याच्या फेरफार नोंदवहीत, काय लिहिलं गेलं ते तलाठी, सर्कल (मंडळ अधिकारी) आणि त्या वेळी समोर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय कुणालाही कळत नसे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मधलं कलम 150 तेव्हाही होतं. फेरफार धरला की चावडीवर नोटीस लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं आणि मगच सर्कलने नोंद मंजूर करायची. कागदावर हे सगळं व्हायचं. प्रत्यक्षात नोटिशीवर दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे घेतले जायचे, आणि तीस मैलांवर सासरी नांदणाऱ्या बहिणीला आपल्या बापाच्या जमिनीचा फेर झाला हे दहा-दहा वर्षांनी कळायचं, तेही जमीन विकली गेल्यावर.

संगणकीकरण एका रात्रीत झालं नाही. केंद्राची पहिली योजना 1988-89 सालची. हाताने लिहिलेले सातबारे टंकून संगणकात घालायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. त्यानंतर आपल्याकडे ई-फेरफार प्रणाली आली आणि नोंद वहीत लिहिण्याऐवजी संगणकावरच घेतली जाऊ लागली. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की तो घरबसल्या निघतो. त्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक असतो, तो टाकून बँक किंवा खरेदीदार उतारा खरा आहे का ते स्वतः तपासू शकतो. राज्यात असे अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत. नुसता बघायचा असेल तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, फक्त त्यावर कायदेशीर कामासाठी चालणार नाही अशी सूचना असते.

आता आत शिरू. महाभूलेखवर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबर टाकून शोधता येतं, आणि नावाने किंवा नुसत्या आडनावानेही शोधता येतं. हे साधं वाटतं, पण सगळा बदल इथूनच सुरू झाला. पूर्वी उतारा मागायला गट नंबर माहीत असावा लागे, आणि तो घरातल्या कर्त्या पुरुषालाच माहीत असे. आता वडिलांचं आडनाव आणि गावाचं नाव एवढ्यावर मुलगी पुण्याहून बघू शकते की कुठल्या गटात किती हेक्टर किती आर आहे, सोसायटीच्या कर्जाचा किती बोजा आहे आणि आपलं नाव आहे की नाही.

आणि नाव असलं तरी ते कुठे आहे हे बघावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकजणी मोबाईल पुढे धरून म्हणतात, "ताई, माझं नाव आहे, बघा." मी बघते तर नाव भोगवटादाराच्या रकान्यात नसतं, उजवीकडे 'इतर अधिकार' या रकान्यात असतं. जुन्या काळी भावांची नावं मालक म्हणून लावायची आणि बहिणींची नावं इतर हक्कात टाकायची, ही सर्रास पद्धत होती. ज्या बाईला कागद वाचता येत नाही तिला नाव दिसलं म्हणजे हक्क शाबूत आहे असं वाटतं. तिथून पुढे तिला सांगावं लागतं की नावाला कंस झाला म्हणजे काय, नावासमोरचा फेरफार क्रमांक म्हणजे काय, आणि तो फेरफार स्वतंत्रपणे काढून वाचल्याशिवाय सातबाऱ्याचा अर्थ लागत नाही.

याच जागी दुसरी एक भानगड नीट सांगते, कारण हाताने लिहिलेला कागद संगणकात गेला की काय होतं ते तिच्यात दिसतं. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं, आणि ती तीन अक्षरं बाकीच्यांच्या हक्काची खूण. गावात कुणालाही विचारलं तरी सांगत, ही जमीन तिघांची आहे. टंकताना काही उताऱ्यांत ती अक्षरं गळाली. टंकणाऱ्याने मुद्दाम केलं असं नाही, ढीगभर कागद होते आणि नाव तेवढं महत्त्वाचं वाटलं असेल. पण पडद्यावर थोरला एकटा मालक झाला. पुढे तो वारला, त्याच्या मुलांची वारस नोंद लागली, आणि त्या मुलांनी संगणकाचा उतारा दाखवून चुलत्यांना सांगितलं, तुमचं काही नाही. असं प्रकरण आलं की आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुना हस्तलिखित सातबारा काढतो, मराठवाड्यात असल्यामुळे खासरा पत्रक या जुन्या जमीन नोंदीपर्यंत मागे जातो, आणि कलम 155 खाली तहसीलदारांकडे लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज करतो. कागद असेल तर काम होतं. पण तोवर भावाभावांत बोलणं बंद झालेलं असतं.

यातून मला दिसलेला परिणाम असा: पडद्यावरच्या नोंदीवर लोकांचा विश्वास हाताच्या नोंदीपेक्षा जास्त बसतो. तलाठ्याने लिहिलेलं चुकू शकतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून गावची तोंडी माहितीही तितकीच मानली जायची. संगणकाने दाखवलं की वाद संपला असं लोक धरून चालतात. कायदा मात्र तसं म्हणत नाही. कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद खरी असल्याचं गृहीत धरलं जातं, पण उलट पुरावा येईपर्यंतच. आणि सातबारा हा मालकी हक्काचा अंतिम पुरावा नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेलं आहे. तो महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला अभिलेख आहे. मालकी ठरते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांच्यावरून आणि वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून.

आता फायदा कुणाला झाला ते सांगते. आमच्या भागातले हजारो लोक दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोचा कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर कोपीत मुक्काम. गावात फेरफाराची नोटीस लागली तर हे लोक कधीच हजर नसतात. आणि ज्याला नोंद गुपचूप करून घ्यायची आहे त्याला हे पक्कं माहीत असतं. म्हणून वारस नोंदी, वाटण्या, हक्कसोडी यांचे फेर नेमके गळीत हंगामात धरले जायचे.

आता 'आपली चावडी' या नावाने फेरफाराच्या नोटिसा ऑनलाइन दिसतात. गाव निवडलं की फेरफार क्रमांक, तो कशाचा आहे, कुठल्या गटाचा आहे आणि हरकत घ्यायची शेवटची तारीख कोणती, एवढं सगळं समोर येतं. माझ्याकडच्या एका प्रकरणात वडील पावसाळ्यात वारले आणि भावांनी हंगाम सुरू झाल्यावर फक्त स्वतःची नावं घालून वारसाचा अर्ज दिला. बहीण तेव्हा कर्नाटकात ऊस तोडत होती. तिचा मुलगा अकरावीत शिकायला गावाकडे मागे राहिला होता. त्याने सहज मोबाईलवर आजोळच्या गावाच्या नोटिसा उघडल्या आणि त्याला आजोबांचा गट नंबर दिसला. त्याने आईला फोन केला. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. उचल फिटलेली नसल्यामुळे मुकादम दोघांना सोडायला तयार नव्हता, म्हणून नवरा एकटा आला. मुलाने वंशावळ लिहून काढली, आईच्या शाळेचा दाखला मिळवला, हरकतीच्या अर्जावर आईची सही हवी म्हणून तो कागद एसटीच्या कंडक्टरकरवी पुढे पाठवला आणि सही होऊन परत आणला. मुदतीत हरकत दाखल झाली. प्रकरण तक्रारी नोंदींत, म्हणजे हरकत आलेल्या फेरफारांत, गेलं, सुनावणी झाली आणि बहिणीचं नाव भावांच्या बरोबरीने लागलं. दहा वर्षांपूर्वी हीच बाई माझ्याकडे आली असती ती थेट दिवाणी दाव्यासाठी, आणि तो दावा तिच्या हयातीत संपला असता की नाही सांगता येत नाही.

या प्रकरणात मोबाईलने फक्त पहिलं पाऊल उचललं, हे लक्षात घ्या. नोटीस दिसली, पण पुढचं सगळं माणसांनी केलं: वाचता येणारा मुलगा, एकटा का होईना निघून आलेला नवरा, शाळेत जपून ठेवलेलं रजिस्टर. यातलं एक जरी नसतं तरी ती नोटीस दिसूनही उपयोग नव्हता. उघड्या माहितीचा फायदा कुणाला होणार हे माझ्या मते इथे ठरतं. जो वाचू शकतो आणि वाचल्यावर मुदतीत उठून काही करू शकतो, त्याला होतो. ज्याला यातलं एकच जमतं त्याच्या वाट्याला फक्त मनस्ताप येतो. बाई मोबाईलवर बघते, आपलं नाव उडालेलं दिसतं, आणि रात्रभर झोपत नाही. पूर्वी निदान तिला माहीत तरी नसायचं, असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. अन्याय माहीत नसण्यात सुख आहे असं ज्याच्यावर अन्याय झाला नाही तोच म्हणू शकतो.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर सांगते. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती देशभर लागू झाली आणि विवाहित-अविवाहित हा भेद गेला. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात असणं जरुरीचं नाही. कायदा असा टप्प्याटप्प्याने पुढे गेला, पण गावात त्याची अंमलबजावणी सुरू झाली ती उतारा मोबाईलवर आल्यावर, असं माझं निरीक्षण आहे. निकाल वर्तमानपत्रात येतो आणि जातो. स्वतःच्या बापाच्या गटाचा उतारा हातात आला की तोच निकाल आपल्याबद्दल आहे हे कळतं.

त्यामुळे घराघरांत वाद वाढले का? वाढले. राखी पौर्णिमेला येणं-जाणं बंद झालेली घरं मी पाहते. गावातली वडीलधारी माणसं यासाठी मोबाईलला दोष देतात. माझ्या मते वाद आधीच होता, फक्त एकाच बाजूला तो माहीत होता. एक नवी गोष्ट मात्र खरीच वाईट आहे: बहिणीने उतारा बघितला असं कळलं की तिच्यावर हक्कसोडपत्रासाठी दबाव येतो, आणि तो आधीपेक्षा लवकर आणि जास्त येतो. हक्कसोड नोंदणीकृतच असावं लागतं, त्यामुळे तिला दुय्यम निबंधकासमोर नेलं जातं, तिथे ती हो म्हणते, आणि पुढे ते मोडणं फार अवघड जातं. माझ्याकडे कुणी आधी विचारायला आलीच तर मी एकच सांगते: सही करायच्या आदल्या दिवशी नाही, निदान महिनाभर आधी विचार करायला बसा.

सोयरिकीतही हा कागद शिरला आहे. पूर्वी मध्यस्थ सांगायचा, मुलाला दहा एकर बागायत आहे, आणि ते गावात चार ठिकाणी विचारून ताडायला लागायचं. आता मुलीचे मामा पाहुणे उठायच्या आत आठ अ, म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, आणि सातबारा बघून घेतात. खोटं सांगून जमवलेली लग्नं त्यामुळे कमी झाली, हे चांगलंच. पण सातबाऱ्यावर बँकेचा बोजाही दिसतो. दोन वर्षं दुष्काळ पडला म्हणून थकलेलं पीककर्ज हे त्या घराचं खासगी दुःख होतं, ते आता परक्या माणसाला बसल्याजागी वाचता येतं. कर्जाचा बोजा खरेदीदाराला दिसायलाच हवा, नाहीतर तो फसेल. आडनाव टाकून सबंध गावाची पत चाळता यावी का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्यावर आपल्याकडे पुरेशी चर्चा झालेली नाही, आणि ती झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कारण तसं चाळणारे लोक आहेत. शहराच्या कडेच्या गावांत जमिनीचे एजंट हेच काम करतात: कुठल्या गटावर मयताचं नाव अजून आहे, कुठे वारस आठ-दहा आहेत आणि पांगलेले आहेत, कुठे बोजा जास्त आहे म्हणजे मालक घायकुतीला आला असेल. त्याहून वाईट प्रकार तोतयाचा. मालक म्हातारा, मुलं परदेशात, जमीन पडीक. त्या नावाचं खोटं ओळखपत्र करून भलताच माणूस मालक म्हणून उभा करायचा आणि खरेदीखत नोंदवायचं. शेजारच्या कर्नाटकात 'भूमी' प्रकल्प 2000 च्या सुमारास आला, आपल्याही आधी, आणि त्याचं देशभर कौतुक झालं ते योग्यच होतं, कारण शेतकऱ्याला उतारा पंधरा रुपयांत ठरलेल्या ठिकाणी मिळू लागला. पण बंगळुरूभोवती काम करणाऱ्या अभ्यासकांनी नंतर दाखवलं की एकत्रित, सुटसुटीत नोंदींचा उपयोग मोठ्या खरेदीदारांनीही करून घेतला. मला त्यात नवल वाटलं नाही. माहिती सगळ्यांना एकाच दिवशी खुली होते, पण ती रोज बसून वाचणारा पगारी माणूस शेतकऱ्याकडे नसतो, कंपनीकडे असतो.

दुसरा एक बदल असा झाला की माहिती देण्याचं कामही शेतकऱ्याच्या गळ्यात पडलं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बाराला पीक लिहायचं काम आधी तलाठी करायचा, आणि बऱ्याचदा चावडीत बसून अंदाजाने करायचा. आता शेतकऱ्याने शेतात उभं राहून ॲपवर पीक नोंदवायचं आणि फोटो काढायचा. पारदर्शकपणाच्या दृष्टीने हे चांगलं आहे, आपलं पीक आपणच लिहितो. पण डोंगरपट्ट्यात रेंज नसते, शेवटच्या दिवसांत ॲप चालत नाही, घरात स्मार्टफोन एकच आणि तो मुलगा पुण्याला घेऊन गेलेला. नोंद राहिली की अतिवृष्टीच्या मदतीला किंवा सरकारी खरेदीला अडचण येते. शेतकरी ओळख क्रमांकाचंही तसंच. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि म्हाताऱ्याच्या आधारला जोडलेला नंबर कुणा भाच्याचा, तोही बंद पडलेला. नावाचा घोळ आणखी वेगळा: सातबाऱ्यावर दत्तू, आधारवर दत्तात्रय. गावात तो एकच माणूस आहे याबद्दल कुणालाही शंका नाही, पण यंत्राला ती दोन माणसं वाटतात आणि त्याला प्रतिज्ञापत्र करत फिरावं लागतं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट संगणकावर घडलीच नाही. 2017 च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकीकृत सातबारे छापून गावात नेले, लोकांना बोलावलं आणि एकेक उतारा मोठ्याने वाचून दाखवला. चुका सांगा, दुरुस्त करतो, असं विचारलं. काही गावांत हे नुसतं उरकलं गेलं हेही खरं. पण जिथे मनापासून झालं तिथे अंगठेबहाद्दर म्हातारी उठून म्हणाली, "तिघांची नावं वाचली, चौथ्याचं कुठंय?" संकेतस्थळावर तो उतारा वर्षभर पडून राहिला असता तरी तिला कळलं नसतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया घेतल्या त्या याच तत्त्वावर. कामाची हजेरीपत्रकं गावासमोर वाचायची, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने मजुरी उचललेली निघाली की लोकच बोलतात. त्या चळवळीतून पुढे 2005 चा माहिती अधिकार कायदा उभा राहिला. म्हणून कुणी मला विचारलं की ऑनलाइन नोंदींना आणखी काय जोडावं, तर मी म्हणते, वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचन. छापा, वाचा, हरकती तिथेच लिहून घ्या.

समाजाच्या पातळीवरचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच भागातलं आहे. 2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या दस्तांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, शाळेची रजिस्टरं, निजामकाळातले कागद असे कित्येक वर्षं कुणी हात न लावलेले दस्त बाहेर निघाले. बरेच मोडी लिपीत, मराठवाड्यात काही उर्दूत. मोडी वाचणाऱ्या माणसांना अचानक मागणी आली. जिल्हा प्रशासनांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकल्या आणि लोक पणजोबांचं नाव शोधायला लागले. आरक्षणाच्या बाजूने वा विरुद्ध इथे मला काही म्हणायचं नाही. मला दिसलं ते एवढंच, की सरकारी कपाटातला कागद लोकांसमोर आला आणि आपण कोण आहोत हा प्रश्न घरोघर कागदावर विचारला जाऊ लागला. एका भावाच्या शाखेची नोंद सापडते, दुसऱ्याच्या नाही, कारण त्या गावचं बुक वाळवीने खाल्लेलं असतं. ज्याचा कागद टिकला त्याला हक्क आणि ज्याचा नाही टिकला त्याला नाही. या विषमतेचा विचार अभिलेख जपताना फार आधी व्हायला हवा होता.

आता तुमच्या वडिलांच्या फेऱ्यांकडे येते. फेऱ्या का संपल्या नाहीत, तर बघणं ऑनलाइन झालं पण निर्णय अजून माणसाच्या टेबलावरच होतो. ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज घरून करता येतो. तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो, तो फेरफार धरतो, नोटीस काढतो, मग मंडळ अधिकारी मंजूर किंवा नामंजूर करतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर कागद अपुरे म्हणून अर्ज परत येऊ शकतो, आणि तो परत आल्याचं लोकांना कळतच नाही, कारण अर्ज सेवा केंद्रवाल्याच्या मोबाईल नंबरावरून भरलेला असतो. हे मी इतक्या वेळा पाहते की तुमच्याकडेही आधी तेच तपासा: अर्ज कुणाच्या नंबरावरून गेला आहे आणि सध्या तो कुठल्या टप्प्यावर आहे.

अर्ज परत आला असेल तर मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं, म्हणजे आत्यांसकट, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडून स्वतःच्या नंबरावरून पुन्हा भरा. आत्यांची नावं वगळून काम लवकर होईल असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती नोंद पुढे कधीही अडकते. फेरफार धरला गेला असेल पण मंजुरी होत नसेल, तर मंडळाच्या ठिकाणी होणाऱ्या फेरफार अदालतीची तारीख विचारून तिथे वडिलांना कागदांसह हजर राहू द्या. कुणाची हरकत आली म्हणून थांबलं असेल तर ते तक्रारी नोंदींत गेलेलं असणार. मग सुनावणीची नोटीस कुठल्या पत्त्यावर गेली ते बघा, कारण आजोबांच्या जुन्या पत्त्यावर गेली असेल तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. नोंद नामंजूर झाली असेल तर कलम 247 खाली प्रांतांकडे अपील होतं, मुदत साठ दिवस. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो आणि उशिराचं कारण लिहावं लागतं.

आणि यातलं काहीच कळत नसेल, कुणी सांगत नसेल, तर तहसीलच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात साधा अर्ज करा: आमच्या वारस अर्जावर कुठल्या तारखेला कुणी काय शेरा मारला, त्याच्या प्रती द्या. अर्जाची पोच घ्या आणि पोचेवर शिक्का व तारीख आहे का ते तिथेच उभं राहून बघा.